खो मिळेपर्यंत

उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर आल्या आणि मी घरात बसले. एरवी बरोबर उलटं असतं. दिवाळी सरते, कारखान्यांचे भोंगे सुरू होतात, हवेत मळीचा आंबूस-गोड वास येऊन बसतो आणि माझे पाय घरात टिकत नाहीत. शाळांच्या मैदानी स्पर्धांचा हाच मोसम. चुन्याची पिशवी, मोजपट्टी, शिट्टी आणि चाळीस पोरी, एवढा माझा संसार. यंदा मी कळंब्यातल्या आमच्या पहिल्या मजल्यावरच्या खोलीत, खिडकीला लावलेल्या पलंगावर उजवा पाय लांब करून बसलेय. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी आहे. ती गुडघ्यानं खाली दाबायची, पाच आकडे मोजायचे, सोडायची. खालून ट्रॅक्टर जातात, दोन-दोन ट्रॉल्या ओढत, मोठ्यानं गाणी लावून. वळणावर एखादी मोळी घसरते, कांड्या रस्त्यावर पडतात. मागचा मोटरसायकलवाला थांबतो, एक कांडं उचलतो आणि दातानं सोलत निघून जातो. मला त्या माणसाचा उगाचच राग येतो.

मी शाळेत खेळाची शिक्षिका आहे. वय एक्केचाळीस. गणपती झाल्यावरची गोष्ट, मैदान अजून ओलं होतं. पोरींना खो-खोच्या खुंटाला वळसा कसा घ्यायचा ते दाखवत होते. तोंडानं सांगितलं असतं तरी चाललं असतं, पण मला तोंडानं सांगायचा कंटाळा. पळत गेले, खुंटाला हात घातला, अंग फिरवलं. अंग फिरलं, पाय चिखलात राहिला. गुडघ्यातून टक्कन आवाज आला. मला वाटलं खुंट मोडला. मी खाली बसून आधी खुंटाकडं बघितलं, तो जागेवर होता.

मग एमआरआय, मग डॉक्टर. गुडघ्याच्या आतलं मुख्य लिगामेंट तुटलं होतं. डॉक्टर भला माणूस, पण सावकाश बोलणारा. म्हणाले, "रोजचं चालणं-फिरणं ऑपरेशनशिवायसुद्धा जमेल. व्यायाम करा, जपून राहा."

"मला पळायचंय," मी म्हटलं. "पळता पळता वळायचंय."

"मग नवीन बसवावं लागेल. पण आत्ता नाही. आधी पाय बरा करून आणा."

"पाय बरा असता तर तुमच्याकडं कशाला आले असते?"

ते हसले. माझं हे बोलणं त्यांनी रोज ऐकलेलं असणार. सुजलेल्या, आखडलेल्या गुडघ्यावर ऑपरेशन केलं तर तो तसाच आखडून राहतो, म्हणून आधी सूज उतरायला हवी, गुडघा दुसऱ्या पायाइतका सरळ व्हायला हवा, मांडीत ताकद यायला हवी. तारीख त्यांनी दिली, संक्रांतीनंतरची. पण त्याच्या आदल्या शनिवारी ते गुडघा तपासणार होते. सरळ नसेल तर तारीख रद्द. आणि तारीख रद्द म्हणजे काय, ते फक्त मला माहीत होतं. शाळेनं मला एकदाच, मोजून रजा दिली होती. ती वाया गेली तर पुढच्या वर्षी ग्रंथालय सांभाळा, असं आमचे हेडसर अगदी प्रेमानं म्हणाले होते. बसून काम आहे म्हणाले. बसून काम! त्या दोन शब्दांनी माझं डोकं सटकलं ते अजून जागेवर आलेलं नाही.

सटकणं हा शब्द आमच्याकडं फार कामाचा. डोकं सटकतं, गाडीची चेन सटकते, हातातली कळशी सटकते. डॉक्टरांच्या हाताखाली एक नवीन, बाहेरगावची डॉक्टरीण होती. तिनं विचारलं, "नेमकं काय होतं गुडघ्याला? दुखतो की अडकतो?" मी म्हटलं, "सटकतो." तिला कळेना. वळायला गेलं की मांडी एकीकडं जाते आणि पोटरी दुसरीकडं, मधे काही धरणारंच नाही असं वाटतं, हे तिला समजावून सांगितलं. तिनं कागदावर इंग्रजीत काहीतरी लिहिलं आणि पुढं कंसात, देवनागरीत, 'सटकतो' असंही लिहिलं. मला ती मुलगी आवडली.

आई जयसिंगपूरला भावाकडं असते. तिला फोनवर सगळं सांगितलं. सगळं ऐकून ती हळूच म्हणाली, "ए बाळ, ते नवं बसिवणार हाईत, ते कुणाचं?"

"कुणाचं म्हणजे?"

"जनावराचं न्हाई न्हवं? तसं असंल तर नको बाई. लंगडत ऱ्हा, पर तसलं नको."

आमचं जैनाचं घर. आई अजून पाणी गाळून पिते, मुंगी दिसली तर झाडू थांबवते. तिच्या दृष्टीनं प्रश्न अगदी रास्त होता. मी म्हटलं, "अगं, माझ्याच मांडीमागची एक दोरी काढतात आणि गुडघ्यात बसवतात."

"आन मांडीत काय घालणार?"

"काही नाही. मांडीला तिची तेवढी गरज नसते म्हणे."

"गरज न्हाई तर मग उगंच आली व्हय?" आई म्हणाली.

आठवड्यातून तीनदा फिजिओकडं जायचं. हे गृहस्थ पन्नाशीचे, तालमीच्या बाजूला वाढलेले, बोलायला एकदम रोखठोक. पहिल्याच दिवशी माझ्या गुडघ्याखाली स्वतःचा तळहात घातला आणि म्हणाले, "दाबा. माझा हात चेचला पायजे." मी दाबलं. हात आरामात आत-बाहेर फिरला. "अजून लई मोकळं हाय," ते म्हणाले. "दहा येळा दाबायचं, दिवसातनं चारदा. दहा म्हंजे दहाच." घरी येऊन मी पन्नास केले. आम्हा मैदानावरच्या माणसांचं हे असंच, दहा सांगितले की पन्नास करायचे आणि वर बढाई मारायची. तिसऱ्या दिवशी गुडघा टम्म. फिजिओनी नुसतं बघितलं आणि कमरेवर हात ठेवले. "म्याडम, गुडघा काय कुकर हाय व्हय? मोठा ग्यास केला की लवकर शिट्टी, असं नसतंय की हे."

मला बसता येत नाही, हे खरं दुखणं. गुडघा नंतरचा. नवरा कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत शिफ्टला जातो, मुलगा पुण्याला शिकायला, घरात मी आणि टॉवेल. पाच आकडे मोजायचे तर मी तीनवरच पाय सोडते. फोन उचलते, ठेवते. खिडकी उघडते, लावते. परवा मी डाळीचे डबे चढत्या उंचीनं लावले आणि मग ते मला आवडले नाहीत म्हणून परत उतरत्या उंचीनं लावले. आणि अशात खालून ट्रॉली जाते, मळीचा वास वर येतो, आणि मी थेट त्या हंगामात जाऊन पडते, ज्यात मी सोळा वर्षांची होते आणि दिवसभर बसायलाच शिकत होते.

खो-खोत पळण्यापेक्षा बसणं अवघड असतं, हे न खेळलेल्याला पटत नाही. आठजणी मधल्या पाटीवर आपापल्या चौकात बसतात, एकीचं तोंड इकडं तर दुसरीचं तिकडं. नववी पळते. तिनं पाठीमागून येऊन तळहात लावायचा आणि 'खो' म्हणायचं. हात आणि आवाज, दोन्ही हवेत. मगच बसलेलीनं उठायचं, आणि जिनं खो दिला तिनं त्याच रिकाम्या चौकात बसायचं. तोवर तुम्ही एका पायावर भार टाकून, बोटं जमिनीत रुतवून, मांडीचा पीळ आवळून बसलेल्या असता. मागं काय चाललंय ते दिसत नाही, फक्त पावलं ऐकू येतात. जवळ येतात, लांब जातात. कानामागं घाम येतो. आणि अंगातला कण न् कण म्हणत असतो, ऊठ, ऊठ.

मी उठायची. खो न मिळताच उठायची. शिट्टी, फाऊल, सरांचा ओरडा. आमचे सर मला नावानं हाक मारत नसत, 'उठलीच' म्हणत. "उठलीच, इकडं ये." एकदा त्यांनी मला पूर्ण सकाळ चौकात बसवून ठेवलं आणि संघाला सांगितलं, हिला कुणी खो द्यायचा नाही. दोन तास सगळ्याजणी माझ्या आजूबाजूनं पळत होत्या. मी संतापानं रडले, पण त्या दिवशी उठले नाही.

तेव्हाचं जयसिंगपूर मला सकाळचंच आठवतं. आखून काढल्यासारखे सरळ रस्ते, त्यावर धुकं आणि धुक्यातून पुढं येणारे बैलगाडीचे कंदील. ट्रॅक्टर कमी होते, बैलगाड्या जास्त. रात्री कुणाच्या शेतात उसाचं पाचट जाळलेलं असायचं आणि सकाळी त्याची काळी काजळी हवेतून तरंगत मैदानावर उतरायची. आमचे पांढरे शर्ट. झटकली तर पसरायची, म्हणून फुंकर घालायची. माझ्या पाठीवरची काजळी अक्का फुंकायची. अक्का म्हणजे माझी मोठी बहीण, माझ्याहून दोन वर्षांनी मोठी, संघाची कप्तान. बोलायला कमी. पळायला लागली की लांब वेणी मागं सरळ उभी राहायची. घरी आल्यावर दोघींना मिळून एक तांब्या गरम दूध, त्यात गूळ. जास्त कुणी प्यायलं ह्यावरून रोज भांडण, आणि भांडण फक्त माझ्याकडून.

त्या हंगामात आम्ही जिल्ह्याच्या फायनलला गेलो. शेवटचा डाव, समोरची एकच गडी उरलेली, तिला बाद केलं की झालं. अक्का पळत होती. मी चौकात होते. मागून पावलं आली, तीच, ओळखीची, आणि मी उठले. शिट्टी वाजली. शिट्टी ऐकून अक्का जागच्या जागी थांबायला गेली. अंग फिरलं आणि पाय जमिनीत राहिला. ती पडली, गुडघा दोन्ही हातांत धरून. समोरची गडी लांब निघून गेली, वेळ संपली.

"आवाज कुठं गेलता तुझा?" सरांनी पडलेल्या अक्काला विचारलं, कारण मी तोवर रडत रडत सगळ्यांना सांगून टाकलं होतं की अक्कानं हात लावला, पण खो म्हटलं नाही. अक्का काहीच बोलली नाही. पुढं घरी, नात्यात, मैत्रिणींत हाच किस्सा कायम झाला. अक्काचा आवाज निघाला नाही म्हणून फायनल गेली.

गुडघ्याला 'लचक भरली' असं ठरलं. शेजारच्या गावात एक वस्ताद होते, हाडं बसवणारे. त्यांनी कोमट तेलानं चोळलं, आंबेहळदीचा लेप दिला, घट्ट बांधलं. महिन्याभरात अक्का चालू लागली. सगळ्यांना बरं वाटलं, कारण तिचं लग्न ठरत आलं होतं आणि ऊस तुटला की मांडव पडणार होता. लग्नात तिला पाटावर मांडी घालून बसवेना. खुर्ची मागितली, तर बायका म्हणाल्या, नवरी मोठी ऐटबाज दिसतीया. त्यानंतर अक्का कधी पळाली नाही. लग्न झालेल्या बाईला पळायचं काय काम, म्हणून कुणाच्या ते लक्षातही आलं नाही. एक गोष्ट मात्र सगळ्यांच्या लक्षात आली. ती जिना उतरताना आडवी उतरायची, कठड्याला धरून, एक पाय खाली, मग दुसरा त्याच्या शेजारी. पोरंटोरं तिला 'खेकडा अक्का' म्हणायची. हे नाव मी काढलं होतं. पंचवीस वर्षं आम्ही सगळे त्याला हसलो, तीही हसली.

ऑपरेशनच्या तयारीतला पाचवा आठवडा असेल. फिजिओ माझी वही भरत होते. त्यांनी सहज विचारलं, "जिना उतरताना आडवं उतरता काय?"

"मी नाही," मी म्हटलं. "आमची अक्का उतरते."

"त्यास्नी काय झालंय?"

"काही नाही. लहानपणी लचक भरली होती."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "आवाज आलता? टक्कन?"

मला माहीत नव्हतं. मी तिला कधी विचारलंच नव्हतं. त्या दिवशी मी पाच आकडे मोजताना पहिल्यांदाच पाचापर्यंत गेले, कारण माझं लक्ष दुसरीकडं होतं.

आणि मग मी तो गाढवपणा केला. तपासणीला जेमतेम दहा दिवस राहिले होते. सूज उतरली होती, फिजिओंचा हात आता गुडघ्याखाली जवळजवळ अडकत होता. रजेच्या कागदावर सही करायला शाळेत गेले. मैदानावर माझ्या जागी आलेली नवी बाई पोरींचा सराव घेत होती. बघितलं तर राहवणार नाही, म्हणून मी मैदानाकडं मुद्दाम पाठ करून कट्ट्यावर बसले. शहाणपणाच केला की नाही? पण खो-खो खेळलेल्या बाईनं खेळाकडं पाठ करून बसणं म्हणजे चौकात बसणंच झालं. मागून पावलं आली. धप धप धप, जवळ, आणखी जवळ. "खो!" कुणीतरी ओरडलं, कुणा दुसरीला. मी उठलेले होते. उठून, उजव्या पायावर वळून, दोन पावलं पळालेसुद्धा. तिसऱ्याला गुडघा सटकला आणि मी चाळीस पोरींसमोर चुन्याच्या रेघेवर बसले.

दुखलं ते जाऊ दे. तिथं मातीत बसल्या बसल्या मला एक गोष्ट स्वच्छ कळली, आणि ती मला पंचवीस वर्षं माहीत होती. त्या दिवशी फायनलला माझ्या पाठीला हात लागला नव्हता. आत्ता लागला नाही तसाच. अक्का मला खो देणारच नव्हती, ती पुढच्या चौकाकडं निघाली होती. मी नुसत्या पावलांवर उठले होते.

गुडघा पुन्हा सुजला. फिजिओ ओरडले नाहीत, त्यानं मला जास्त भीती वाटली. "बर्फ लावा, पाय वर ठेवा, दोन दिवस कायबी करू नका," एवढंच म्हणाले. "शनिवारचं शनिवारी बघू." संध्याकाळी अक्काचा फोन आला. तिला आईकडून कळलं होतं. ऑपरेशनच्या वेळी येणारच होती, ती दुसऱ्याच दिवशी एसटीनं आली, पिशवीत गूळ आणि शेंगा घेऊन. आल्या आल्या माझ्या हातातलं झाडणं काढून घेतलं. "बस गप," म्हणाली. "बसायलाबी ईना व्हय तुला अजून?"

तिसऱ्या दिवशी तिला मी फिजिओकडं बरोबर घेऊन गेले. म्हटलं, सोबत चल. फिजिओंना डोळ्यानं खूण केली. त्यांनी तिला गोडीनं टेबलावर झोपवलं. "पावणं, जरा तुमचाबी बघू दे की पाय." गुडघा वाकवून तळपाय टेबलावर टेकवला, त्याच्यावर स्वतः हलके बसले, दोन्ही हातांनी नडगी धरून पुढं ओढली. टेबलाचा खण ओढावा तशी ती पुढं आली. मलाही दिसलं. दुसऱ्या पायाची ओढून दाखवली, ती जागची हलली नाही.

"ह्यांचंबी तेच हाय," ते म्हणाले. "लई जुनं. पाक तुटल्यालं."

अक्का छताकडं बघत होती. मग म्हणाली, "एवढंच हुतं व्हय?"

ती उठून बसली, साडी पायावरून सारखी केली. "मला वाटायचं मीच भित्री हाय," ती म्हणाली. "सगळी म्हणायची पाय बरा झाला. मग बरा पाय असून मला का पळवत न्हाई? म्हणलं, मनातच खोट हाय माझ्या."

ऑपरेशनची आता तिला तितकी गरज नाही, पण मांडीत ताकद आली तर जिना सरळ उतरता येईल, असं फिजिओ म्हणाले. तिनं मान हलवली. "आता ह्या वयात?" म्हणाली. "हिचं होऊ द्या आधी." आणि विषय संपवला.

रिक्षात आम्ही बाजूबाजूला बसलो होतो. पुढं उसाची ट्रॉली आडवी आली होती, सगळं अडकून पडलेलं. मी उतरून चालायला निघाले असते, पण पाय तसला. तेव्हा सांगून टाकलं. म्हटलं, "अक्का, फायनलला तू हात लावलाच नव्हतास. मी खोटं बोलले."

"ठावं हाय की," अक्का म्हणाली. "हात माझा हुता न्हवं?"

"मग बोलली का नाहीस? पंचवीस वर्षं?"

"तू लई रडत हुतीस." ती बाहेर ट्रॉलीकडं बघत राहिली. "आन नंतर काय सांगायचं? पाय तर बरा झालाय म्हणत हुती सगळी."

मला तिथं रिक्षात रडू आलं. मला लाज वाटली, फायनलची नव्हे, खेकड्याची. रिक्षावाल्यानं आरशातून बघितलं आणि हॉर्न वाजवायचा थांबला. अक्कानं पदरानं माझं नाक पुसलं, जरा जोरातच.

त्यानंतरचे दिवस अक्कानं मला बसवलं. दुसरा शब्द नाही. ती पलंगाच्या कडेला बसायची, माझ्या गुडघ्याखाली स्वतःचा हात घालायची आणि म्हणायची, "दाब." पाच आकडे ती मोजायची, अगदी सावकाश, मारवाड्याच्या दुकानात कापड मोजल्यासारखे. दहा झाले की हात काढून घ्यायची. "आणखी दोन," मी म्हणायची. "न्हाई." टॉवेल उचलून कपाटावर ठेवायची, जिथं माझा हात पोचत नाही. एकदा मी ती अंघोळीला गेल्यावर उशीवर चोरून पाय दाबत होते, तर आतून ओरडली, "सोड!" तिला कसं कळलं, देव जाणे. शुक्रवारी संध्याकाळी तिनं हात घातला, मी दाबलं, आणि तिनं हात काढायला बघितला तर निघेना. बांगडी अडकली होती. दोघी एवढ्या हसलो की शिफ्टवरून आलेला माझा नवरा दारातच थांबला.

शनिवारी डॉक्टरांनी दोन्ही टाचा हातावर धरून उचलल्या आणि डोळे बारीक करून बघत राहिले. मला त्यांना सांगायचं होतं, लवकर बोला हो. ते सावकाशच बोलले. "दोन्ही सारखे आहेत. तारीख नक्की."

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दुपारीच दवाखान्यात दाखल झाले. नर्स म्हणाली, रात्री बारानंतर काही खायचं नाही. अक्कानं विचारलं, "आमच्यात दिवस मावळल्यावर कोण खातंय?" आणि साडेपाचलाच डबा उघडला. सकाळी डॉक्टरांच्या हाताखालची तीच मुलगी आली. तिनं माझ्या उजव्या मांडीवर पेनानं बाण काढला, चुकून दुसरा पाय नको म्हणून. हिरवा डगला घातला. केस टोपीत कोंबले. मी कॉटच्या कडेवर पाय खाली सोडून बसले, दाराकडं तोंड करून. अक्का कॉटच्या पलीकडं, माझ्या पाठीशी, कपड्यांच्या घड्या घालत होती. खिडकीतून पुन्हा तोच मळीचा वास.

चाकाची खुर्ची घेऊन वॉर्डातल्या मावशी आल्या. "चला बाई, बसा ह्यात."

मी उठले नाही.

"काय झालं? भ्या वाटतंय?"

"थांबा जरा," मी म्हटलं.

मावशी कपाळाला आठ्या घालून बघत राहिल्या. मागं घड्या घालायचा आवाज थांबला. मग अक्काची पावलं, एक पाय, मग दुसरा त्याच्या शेजारी. माझ्या पाठीवर, बरोबर मधोमध, तिचा तळहात टेकला. गरम होता. मी तरी उठले नाही.

"आवाज?" मी विचारलं.

अक्कानं घसा साफ केला. आणि मग एवढ्या मोठ्यानं ओरडली की शेजारच्या कॉटवरची म्हातारी उठून बसली आणि मावशींच्या हातून खुर्ची निसटली. "खो!"

मी उठले. डाव्या पायावर भार देऊन, सावकाश, खुर्चीत बसले. मावशींनी खुर्ची दाराबाहेर काढली तेव्हा मी मान वळवून बघितलं. अक्का माझ्या रिकाम्या कॉटवर बसली होती. डावा पाय लांब केलेला, गुडघ्याखाली माझ्या टॉवेलची गुंडाळी, आणि ती ओठ आवळून दाबत होती.

"दहाच!" मी ओरडले.

"ठावं हाय," अक्का म्हणाली. "तू जा."